जुनी फरशी काढून नव्या फरशीसाठी तळ तयार करताना

ऐंशीच्या दशकात बांधलेल्या पुण्या-ठाण्यातल्या आणि नाशकातल्या कितीतरी इमारतींत अजून मोझॅकच्या लाद्या आहेत. आठ, दहा किंवा बारा इंची चौकोन, जवळपास इंचभर जाड, वर पॉलिश गेलेलं. त्या काढून दोन बाय दोन फुटी व्हिट्रिफाइड टाइल्स बसवायच्या, हे आता घरोघरी चाललेलं काम आहे. टाइल निवडायला सगळं घर दुकानं पालथी घालतं, आणि खालच्या तळाचा विषय मात्र मिस्त्रीवर सोडून देतं. पुढे टाइल पोकळ बोलू लागते, सांधे उघडतात, एखादी रांग फुगून उभी राहते. दोष टाइलला दिला जातो, पण बहुतेक वेळा तो खाली असतो. म्हणून हा लेख टाइल बसवण्याबद्दल नाही. जुनी लादी निघाल्यापासून नवी टाइल यायच्या आधी काय काय व्हायला हवं, त्याबद्दल आहे. उदाहरण वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचं घेतलं आहे. तळमजला आणि जुने वाडे वेगळे पडतात, त्यांचं मध्ये सांगितलं आहे.

काढायची की वरच बसवायची?

आधी हा निर्णय. हातोडीच्या लाकडी दांड्याने प्रत्येक लादी ठोकून बघा. आवाज भरीव आला तर लादी तळाला धरून आहे. खोलीभर पोकळ आवाज येत असेल, लाद्या खचल्या असतील, किंवा खाली कुठेतरी पाणी मुरतंय अशी शंका असेल, तर वर काहीही चिकटवू नका. काढायलाच हवी.

सगळी जमीन भरीव असेल तर केमिकलने, म्हणजे टाइल चिकटवायच्या तयार मिश्रणाने, वरच टाइल चिकटवता येते. त्याने चौरस मीटरला साधारण २८ ते ३० किलो वजन वाढतं. पण कोणी जुन्या लादीवर दीड इंच माल टाकून टाइल बसवू म्हणाला, तर स्पष्ट नकार द्या. सिमेंट-वाळूचा एक सेंटिमीटर जाड थर चौरस मीटरला सुमारे २० किलो भरतो. चार सेंटिमीटर माल आणि वरची टाइल मिळून शंभर किलो झाले. घरातली माणसं आणि सामान यांच्यासाठी स्लॅबचं गणित चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून केलेलं असतं. त्यातला निम्मा वाटा नुसत्या फरशीने खाल्ला. शिवाय जमीन दोन इंच उंच होते, दारं कापावी लागतात आणि किचनचा ओटा बुटका होतो.

काही फरश्या मात्र काढू नयेत. दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींत आणि गोव्यातल्या घरांत नक्षीच्या रंगीत सिमेंट टाइल्स दिसतात. स्वदेशीच्या काळात, १९२२ साली, मुंबईत सुरू झालेल्या भारत फ्लोअरिंग टाइल्सने अशा लाद्या घरोघरी पोचवल्या. तशी जमीन तुमच्याकडे असेल तर आधी एक कोपरा घासून, पॉलिश करून बघा. चार-सहा लाद्या फुटल्या असतील तर तेवढ्याच नव्या करून घेता येतात, त्या आजही बनतात. एकदा ब्रेकर (लादी फोडायचं यंत्र) लागला की त्यातलं काही परत मिळत नाही.

शहाबादीचं गणित आणखी वेगळं. ही फरशी पहारीने हळूहळू उचलली तर बऱ्याचदा अख्खी निघते. मागच्या अंगणात, पडवीत, धुण्याच्या दगडाशेजारी ती पुढची कित्येक वर्षं काम देते. डेब्रिजमध्ये टाकू नका.

सोसायटी, शेजारी आणि गोण्या

सोसायटीला लेखी अर्ज द्या. कामाच्या वेळा, अनामत रक्कम आणि लिफ्ट वापरायची की नाही हे त्यात ठरवून घ्या. बऱ्याच ठिकाणी दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद असते. खालच्या मजल्यावरच्या लोकांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा. त्यांच्या छताचे आणि बाथरूमच्या सिलिंगचे फोटो काम सुरू होण्याआधी त्यांच्यासमोरच काढा. नंतर एखादी भेग किंवा डाग दिसला, तर तो जुना की नवा हा वाद त्या फोटोंवर मिटतो.

डेब्रिजचा अंदाज नवख्या माणसाला कधीच येत नाही. मोझॅकची लादी आणि तिच्याखालचा चार सेंटिमीटर माल धरला तर चौरस मीटरला सुमारे १३० किलो निघतात. दहा बाय बाराच्या एका खोलीतून जवळपास दीड टन. तीस-तीस किलोच्या भरल्या तर पन्नासच्या आसपास गोण्या होतात. गोण्या आधीच आणून ठेवा आणि अर्ध्याच भरा. काठोकाठ भरलेली गोणी जिन्यात फाटते आणि उचलणाऱ्याची पाठ जाते.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की या गोण्या खोलीच्या मध्यभागी रचायच्या नाहीत. दीड टन वजन तीन चौरस मीटरवर रचलं की तिथे मीटरला पाचशे किलो होतात, म्हणजे स्लॅबच्या हिशेबाच्या अडीच पट. भिंतीच्या कडेने, पसरून, एकावर एक न ठेवता मांडा आणि त्या दिवसाचा माल त्याच दिवशी खाली न्या. नव्या टाइलचे खोके, वाळू आणि सिमेंटच्या पिशव्या यांनाही हाच नियम. दोन बाय दोनच्या चार टाइल्सचा एक खोका साधारण तीस किलोचा असतो.

डेब्रिज नाल्यात किंवा मोकळ्या प्लॉटवर टाकायला बंदी आहे. बांधकाम-पाडकामाच्या कचऱ्यासाठी केंद्राने २०१६ सालीच वेगळे नियम केले. महापालिकेने नेमून दिलेली जागा वॉर्ड ऑफिसात विचारून घ्या, आणि टेम्पोवाला माल तिथेच नेतो ना, याची खात्री करा.

तोडायच्या आदल्या दिवशी

खोली पूर्ण रिकामी करा. जे हलवता येत नाही ते जाड प्लास्टिकने झाका. दुसऱ्या खोल्यांच्या दारांवर ओलं कापड किंवा प्लास्टिक टेपने लावा, कारण ही धूळ कपाटाच्या आतल्या साड्यांपर्यंत पोचते.

न्हाणी ट्रॅप, बेसिनचा निचरा, बाल्कनीचं पाइपचं तोंड, सगळ्यांत गोणपाटाचे बोळे घट्ट कोंबा आणि वर टेप लावा. सिमेंटचा एक तुकडा पाइपात गेला तरी खालच्या मजल्यावर तुंबतं आणि काढायला अख्खी लाइन उघडावी लागते.

मग जमिनीखाली काय आहे ते शोधा. मूळ बांधकामात वायरिंगचे पाइप सहसा स्लॅबमध्ये किंवा भिंतीत असतात, पण आधीच्या मालकाने नंतर टाकलेली केबल, ओट्याकडे नेलेला पाण्याचा पाइप, एसीचा ड्रेन हे लादीखालच्या मालातून गेलेले असू शकतात. कोणत्या भिंतीतून काय बाहेर येतं ते बघा, दोन टोकांमधली सरळ रेघ खडूने जमिनीवर आखा. त्या पट्ट्यात ब्रेकर चालवायचा नाही, हाताने छिन्नी-हातोडा. काम चालू असताना त्या बाजूचा वीजपुरवठा मेन बोर्डावरून बंद ठेवा आणि पाण्याचा कॉकही.

उखडणं

आधी स्कर्टिंग काढा. भिंत आणि स्कर्टिंग यांच्या वरच्या सांध्यात कटरने रेघ मारून घेतली तर प्लास्टर कमी निघतं.

पहिली लादी सगळ्यात अवघड, कारण छिन्नी खाली शिरायला जागाच नसते. आधीच तडकलेली किंवा पोकळ बोलणारी लादी शोधा आणि तिथून सुरुवात करा. तशी नसेल तर दारापाशी एक लादी बळी द्या. तिच्या चारही बाजूंचे सांधे कापा, मधोमध फोडा आणि तुकडे काढा. आता शेजारच्या लादीची कड उघडी पडते. छिन्नी उभी धरू नका. आडवी, तीसेक अंशात, लादीच्या खाली मालात घुसवा आणि वर उचका. उभी छिन्नी सगळा मार खालच्या स्लॅबला देते.

यंत्र वापरायचं तर पाच किलोच्या आसपासचं हलकं ब्रेकर पुरतं. चपट्या रुंद पात्याने ते झपाझप चालतं. रस्ता फोडायचं जड यंत्र घेऊन कोणी आला तर त्याला परत पाठवा. मुंबईतल्या जुन्या चाळी आणि पुण्यातले वाडे, जिथे लाकडी तुळयांवर फळ्या आणि वर चुन्याचा कोबा असतो, तिथे ब्रेकर अजिबात नको. त्या हादऱ्याने खालच्या घरातला गिलावा पडतो आणि तुळईची टोकं भिंतीत सैल होतात. तिथे हातानेच काम करायचं, आणि नवीन फरशीचं वजन जुन्यापेक्षा वाढणार नाही हे इंजिनिअरकडून तपासून घ्यायचं.

धुळीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. लादी, सिमेंट आणि वाळू यांच्या बारीक धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षं श्वासात गेली की फुप्फुसं कायमची निकामी होतात, त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात आणि त्यावर बरं करणारं औषध नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क, गॉगल, हातमोजे आणि बंद बूट तुम्ही घाला आणि कामावरच्या बिगाऱ्यांनाही स्वतः आणून द्या. तुमचं काम आठवड्याचं, त्यांचं रोजचं आहे. लादीवर अधूनमधून पाण्याचा हबका मारा आणि कटर पाण्यासोबतच चालवा. पाणी लागणार असेल तिथे वायर उघडी नको आणि यंत्र अर्थिंगच्या प्लगवरच जोडा.

किती खोल जायचं?

लादी निघाली, आता खालचा माल दिसतो. तो सगळा काढायचा की ठेवायचा, हा या कामातला खरा प्रश्न आहे आणि घाईत तो कोणी विचारत नाही.

खिळ्याने जोरात ओरखडा ओढा. नुसती रेघ उमटली आणि माल तसाच राहिला, तर तो पक्का आहे. वाळू भुरभुरत सुटली, बोटाने उकरता आली, तर तो निकामी. मग पुन्हा दांड्याने ठोकून बघा, पोकळ भाग खडूने गोल करा. पक्का माल ठेवता येतो, फक्त वर आलेले उंचवटे तासायचे. भुसभुशीत माल मात्र थेट स्लॅबपर्यंत काढायचा. अर्धा ठेवून वर नवा टाकला तर नव्या थराची पकड त्या भुशावरच राहते.

कुठे थांबायचं तेही कळलं पाहिजे. माल आणि स्लॅब यांचा रंग वेगळा असतो. स्लॅबमध्ये खडी दिसते, आवाज बदलतो, छिन्नी उसळते. तिथे थांबा. फ्लॅटचा स्लॅब साधारण चार-पाच इंच जाड असतो आणि त्यातली सळई वरून जेमतेम २० मिलिमीटरवर असू शकते. ‘थोडं अजून काढू, लेव्हल मिळेल’ म्हणून स्लॅब तासू देऊ नका. सळई उघडी पडलेली, गंजून फुगलेली दिसली किंवा स्लॅबला आरपार भेग दिसली, तर काम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्यावर सिमेंट फासून पुढे जाणं म्हणजे खालच्या घरातल्या माणसांच्या जिवाशी खेळणं आहे. केसासारख्या बारीक भेगा वेगळ्या. त्या थोड्या रुंद करून, साफ करून पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरता येतात.

तळमजल्यावर लादीखाली स्लॅब नसतो, भराव असतो. देशावर, मराठवाड्यात आणि विदर्भात खाली काळी माती निघाली तर ती ठेवू नका. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरची कुठलीही फरशी तोडते. ती काढून मुरूम भरा. एका वेळी सहा इंचांचा थर, पाणी मारून धुम्मसाने ठोकलेला, मग पुढचा. त्यावर वाळवीचं औषध, दगडाचं सोलिंग (रचून ठोकलेला दगडांचा थर) आणि चार इंच काँक्रीट. इथे वाचवलेले दोन दिवस पुढे खचलेल्या कोपऱ्यांच्या रूपाने दिसतात.

बाथरूमची जमीन तोडली म्हणजे तिथलं जुनं वॉटरप्रूफिंग संपलं असंच धरून चाला. विटांच्या तुकड्यांचा कोबा हलला की त्यातून पाणी वाट काढतं. तिथे पाइपही आत्ताच बदला. जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप बाहेरून बरा दिसला तरी आतून गंजलेला असतो. सीपीव्हीसीचा प्लास्टिक पाइप टाकून, दाबाची चाचणी घेऊन, मगच झाका. कोपऱ्यांना मालाची गोलाई द्या, वॉटरप्रूफिंगचे दोन हात एकमेकांना आडवे-उभे मारा आणि भिंतीवर किमान एक फूट वर चढवा. सुकल्यावर ट्रॅप बंद करून पाणी भरा आणि किमान ४८ तास ठेवा. खालच्या घरात रोज जाऊन बघा. छत कोरडं राहिलं तरच पुढे. उतार ट्रॅपकडे मीटरला १० ते १५ मिलिमीटर.

लेव्हल काढणं

आता झाडून घ्या, वायर ब्रशने घासा आणि शक्य असेल तर व्हॅक्यूम मारा. वरच्या मजल्यावर बादलीने पाणी ओतून धुऊ नका, खाली झिरपेल. ओल्या स्पंजने दोन-तीनदा पुसा. हात फिरवल्यावर तळव्याला पांढरं लागत असेल तर अजून साफ झालेलं नाही.

लेव्हलसाठी लेझर भाड्याने मिळतो, पण पारदर्शक नळीत पाणी भरूनही काम चोख होतं. फक्त नळीत हवेचा एकही बुडबुडा नको. मुख्य दाराबाहेरची पॅसेजची लादी बदलणार नाही, म्हणून ती धरून चाला. तिथे नवीन फरशी ज्या उंचीला यायला हवी, त्याच्या बरोबर एक मीटर वर भिंतीवर खूण करा आणि नळीने तीच खूण घरभर सगळ्या भिंतींवर फिरवा. खुणांना दोरी मारून निळी रेघ उठवा.

आता त्या रेघेपासून खाली तळापर्यंत मोजा, प्रत्येक कोपऱ्यात आणि मध्यभागी. समजा १०६२, १०५५, १०७०, १०४८ मिलिमीटर असे आकडे आले. सगळ्यात लहान आकडा म्हणजे सगळ्यात उंच जागा, इथे १०४८. टाइल १० आणि केमिकल ५ धरलं तर कोब्याचा, म्हणजे टाइलखाली टाकायच्या सिमेंट-वाळूच्या थराचा, वरचा पृष्ठभाग रेघेखाली १०१५ वर हवा. म्हणजे उंच जागी कोबा ३३ मिलिमीटर आणि खोल जागी ५५. हा हिशेब कागदावर लिहून मिस्त्रीसमोर ठेवा.

कोबा कुठेही २० मिलिमीटरपेक्षा पातळ नको, तसा थर तडकून सुटतो. तिथे सेल्फ-लेव्हलिंगचं तयार मिश्रण वापरा. आणि कुठे सत्तर-ऐंशी मिलिमीटर भराव लागत असेल तर नुसता माल ओतू नका, वजन वाढतं. खाली सिपोरेक्सचे (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकचे) तुकडे घालून वर कोबा करा.

कोब्याचा माल एक सिमेंट, चार वाळू. वाळू चाळलेली, मातीविरहित. पाणी बेताचं हवं. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी सुटू नये. आदल्या रात्री तळ ओला करा, सकाळी वर पाणी साचलेलं नको. मग सिमेंटची रबडी पसरा आणि ती ओली असतानाच माल टाका. रबडी सगळ्या खोलीत एकदम पसरली आणि वाळली, तर पकड देण्याऐवजी ती पापुद्र्यासारखी सुटते. म्हणून चार-पाच फुटांचा पट्टा, एका वेळी तेवढंच. ठरलेल्या उंचीचे मालाचे ठिय्ये मांडून अॅल्युमिनियमच्या पट्टीने ओढत न्यायचं. वर रंध्याने थोडं खरखरीत ठेवा, घोटून गुळगुळीत करू नका. भिंतीलगत सगळीकडे पाच-सहा मिलिमीटरची फट सोडा. स्कर्टिंगखाली ती झाकली जाते, आणि उन्हाळ्यात फरशी प्रसरण पावली की तिला जागा मिळते. फट नसेल तर टाइल्स मध्येच फुगून उभ्या राहतात.

सात दिवस ओली गोणपाटं टाकून पाणी द्या. या सात दिवसांत मिस्त्री ‘चालतं हो, उद्यापासून टाइल लावू’ म्हणेल. लावू देऊ नका. सात दिवसांनंतर दोन मीटरची सरळ पट्टी सगळ्या दिशांनी ठेवून बघा. पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर तिथे दुरुस्ती. चार बाय दोन फुटी मोठी टाइल बसवायची असेल तर याहून कडक राहा, कारण ती वाकत नाही आणि खालचा खड्डा लपवत नाही.

केमिकलचाच आग्रह का, तर व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी पाणी शोषते. मोझॅकची लादी सिमेंटची रबडी पिऊन घट्ट बसायची, ही तशी बसत नाही. केमिकलच्या पिशवीवर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि कोणत्या टाइलसाठी आहे ते छापलेलं असतं, ते वाचून घ्या.

ओल

टाइलऐवजी लॅमिनेट किंवा लाकडी फरशी घालणार असाल तर कोबा खरोखर वाळला पाहिजे. वरून कोरडा दिसणं पुरेसं नाही. दीड फूट चौरस जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने चिकटवा आणि दिवसभर ठेवा. काढल्यावर आत पाण्याचे थेंब किंवा खाली काळपट डाग दिसला तर थांबा. साधारण एका मिलिमीटरला एक दिवस असा वाळण्याचा अंदाज धरतात, म्हणजे चाळीस मिलिमीटरच्या कोब्याला सव्वा महिना. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे आणखी लांबतं, तेव्हा लाकडी फरशीचं काम दिवाळीनंतर काढलेलं बरं.

शेवटचं काम गुण्याचं. जुन्या घरांच्या भिंती सहसा काटकोनात नसतात. एका भिंतीवर तीन फूट, शेजारच्या भिंतीवर चार फूट मोजा. तिरपं माप बरोबर पाच आलं तर कोपरा गुण्यात आहे. नसेल तर भिंतीवर विसंबू नका. खोलीच्या मधोमध काटकोनात दोन दोऱ्या आखा आणि त्यांच्या आधाराने टाइल्स कोरड्याच मांडून बघा. दारातून आत येताना समोर अख्खी टाइल दिसावी आणि कापलेले तुकडे पलंगाखाली, कपाटामागे जावेत. मांडणी पटली की दोऱ्यांच्या खुणा तळावर पक्क्या करा, टाइल्स उचला आणि केमिकल कालवायला सांगा.